स्की-बॉल : मेड इन खापा

"दादा, तुमचा गेम चीटर आहे!"

मित्रहो, यंदा गणपतीच्या सुट्टीत आमच्या गल्लीतल्या पाचवीतल्या एका पोरीनं हे वाक्य माझ्या तोंडावर मारलं आणि उरलेले दोन चेंडू माझ्या हातात ठेवून ती सरळ निघून गेली. आजूबाजूची पोट्टी फिदीफिदी हसली. मी मात्र गप्प! पंधरा दिवस घाम गाळून बनवलेला गेम, आणि त्याला ही पदवी? त्यातून मी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. राग तर आलाच, पण रात्री झोपताना एक शंका मनात आली ती काही केल्या जाईना. पोरगी खरं बोलत असेल तर?

हा लेख त्या शंकेबद्दल आहे. त्या निमित्तानं हा गेम काय असतो, तो घरी कसा बनवायचा आणि त्यातली फिजिक्स काय, हेही सांगतो. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी थोडं अडखळतं. शुद्धलेखनाच्या चुका मराठी विभागाच्या संपादकांनी सांभाळून घ्याव्यात ही विनंती!)

मॉलमधल्या गेमिंग झोनमध्ये तुम्ही हा प्रकार पाहिला असेल. समोर एक लांब फळी असते. तिच्यावरून चेंडू घरंगळत सोडायचा. फळीच्या टोकाला छोटा चढ असतो, त्यावरून चेंडू उडी मारतो आणि पुढच्या तिरक्या बोर्डावरच्या एखाद्या रिंगमध्ये पडतो. जवळच्या मोठ्या रिंगला कमी पॉइंट, दूरच्या छोट्या रिंगला जास्त. साधारण नऊ चेंडू मिळतात. याचं नाव स्की-बॉल. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या वाइनलँड गावच्या जोसेफ फोरेस्टिअर सिम्पसन यांना १९०८ साली याचं पेटंट मिळालं. सुरुवातीच्या फळ्या तीस फुटांहून लांब होत्या. इतक्या लांबून चेंडू नेमका घालायला मनगटात चांगलाच जोर लागायचा. पुढे फळी आखूड झाली आणि मग लहान मुलंसुद्धा हा गेम खेळू लागली. आज ती दहा ते तेरा फुटांची असते.

आता खाप्याचं सांगतो. आमचं खापा सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठावर आहे. नागपूरहून अंदाजे पस्तीस किलोमीटर. जवळच गुमगावची मँगनीजची खाण आहे. नगरपालिका १८६७ सालची, म्हणजे गाव लहान असलं तरी नगरपालिका जुनी! खापा मुळात विणकरांचं गाव. माझे आबाजी, म्हणजे वडिलांचे वडील, आयुष्यभर हातमागावर बसले. वडिलांनी नोकरी धरली आणि माग बंद झाला. त्याचे सुटे केलेले लाकडी खांब आणि दांडे कितीतरी वर्षं आमच्या माळ्यावर धूळ खात पडले होते.

यंदा मंडळाच्या मीटिंगमध्ये ठरलं की लहान मुलांसाठी काहीतरी खेळ ठेवायचा. फुकट खेळायचा, जिंकेल त्याला चॉकलेट. मी लगेच हात वर केला! त्यामागे एक जुनी जखम होती. मी सातवीत असताना जत्रेत रिंग फेकायच्या एका स्टॉलवर पन्नास रुपये घालवले होते. नंतर कळलं की ठोकळ्यावरून ती रिंग जेमतेम जाते, तीही अगदी सपाट पडली तरच. म्हणजे तुमचा नेम कितीही चांगला असो, हरायचं आधीच ठरलेलं. तेव्हापासून मनात होतं की आपण कधीतरी एक असा गेम बनवायचा ज्यात लबाडी नसेल.

लाकडाचा प्रश्न आला तेव्हा मी भीतभीतच आबाजींना विचारलं. ते थोडा वेळ माळ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "चुलीत घालण्यापरीस बरं. पण कापू नोको. जोड."

म्हणून मागाचे चार खांब न कापता गेमचे पाय झाले. बाकीचा सांगाडाही त्याच दांड्यांचा. वरच्या फळीसाठी आठ बाय चारची, १२ मिलिमीटर जाडीची एक प्लायवूडची शीट आणली आणि लांबीत मधोमध कापली. अर्ध्या भागाची आठ फूट लांब, दोन फूट रुंद फळी झाली. उरलेल्या अर्ध्यातून अडीच फुटांचा बोर्ड, कडेच्या पट्ट्या आणि चढाच्या खालचे आधार निघाले. रिंगसाठी रंगाच्या रिकाम्या बादल्या कापल्या. दहा लिटरची मोठी रिंग २० पॉइंटची, चार लिटरची ३० ची आणि एक लिटरच्या डब्याची ५० ची. या तिन्ही बोर्डावर खालून वर एकावर एक लावल्या. प्रत्येक रिंगच्या आत चेंडू पडायला भोक ठेवलं. कुठेच न अडकणारा चेंडू घरंगळत खालच्या पट्टीत येतो, त्याचे १० पॉइंट. बोर्डाखाली एक जुनी हातमागाची चादर उतार देऊन ताणून बांधली. पडलेले चेंडू तिच्यावरून गोळा होतात आणि चार इंची पीव्हीसी पाइपातून खेळणाऱ्याकडे परत येतात. स्कोअर लिहायला पाटी आणि खडू. सेन्सर बसवून डिस्प्लेवर आकडे दाखवता आले असते, पण तो पुढचा सेमिस्टर!

ऐकायला सोपं वाटतं, पण आमच्या तीन गोष्टी चुकल्या. त्या मुद्दाम सांगतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

पहिली चूक चेंडूची. आधी टेनिस बॉल घेतला. तो रिंगमध्ये पडायचा आणि टुणकन उडून बाहेर यायचा. मग लेदरचा सीझन बॉल आणला. त्याच्या शिवणीमुळे तो फळीवर डुलत डुलत जातो, सरळ जातच नाही. शेवटी एका खराद्याकडून बाभळीच्या लाकडाचे साडेसात सेंटिमीटर व्यासाचे नऊ चेंडू करून घेतले. पण लाकूड सगळीकडे सारखं जड नसतं, त्यामुळे काही चेंडू एका बाजूला जड निघू शकतात. त्याची सोपी टेस्ट आहे. चेंडू बादलीभर पाण्यात सोडा आणि बोटानं फिरवा. तो दर वेळी तीच बाजू वर करून थांबत असेल तर खालची बाजू जड आहे. असे दोन चेंडू निघाले, ते बदलून घेतले. (चेंडू पाण्यात फार वेळ ठेवू नका, लाकूड पाणी पितं.)

दुसरी चूक चढाची. मी आधी सरळ एक फळी ३० अंशांत तिरकी ठोकली. चेंडू त्या सांध्यावर धाडकन आदळायचा, कधी उसळायचा, कधी तिथेच दम तोडायचा. कारण साधं आहे. सपाट फळीवरून येणाऱ्या चेंडूची दिशा एका क्षणात बदलता येत नाही. वेगाचा जो भाग चढात घुसू पाहतो तो धडकेत वाया जातो. म्हणून चढ गोलाईचा हवा. जमिनीवर खिळा ठोकला, त्याला साडेचार फुटांची दोरी बांधली, दोरीच्या टोकाला पेन्सिल लावली आणि प्लायवर कंपास फिरवावा तशी रेघ ओढली. त्या रेघेवर कापलेल्या तीन आधारांवर चार मिलिमीटरचा पातळ प्लाय वाकवून बसवला. या गोलाईवर चेंडू साधारण १८ सेंटिमीटर वर चढतो आणि ३० अंशांच्या कोनात सुटतो. धडक संपली!

इथे थोडी फिजिक्स, घाबरू नका. घरंगळणारा चेंडू एकाच वेळी दोन कामं करतो. तो पुढे जातो आणि स्वतःभोवती फिरतोही. भरीव चेंडूच्या एकूण ऊर्जेचे सात भाग केले तर पाच भाग पुढे जाण्यात असतात आणि दोन भाग फिरण्यात. चढावर चढताना फिरण्यातली ऊर्जाही कामी येते. त्यामुळे तेवढ्याच वेगानं नुसत्या घसरत येणाऱ्या गुळगुळीत ठोकळ्यापेक्षा चेंडू ४० टक्के जास्त उंच चढू शकतो. गॅलिलिओनं उतारावरून ब्राँझचे चेंडू सोडून वेळ मोजली होती. ते प्रयोग त्यानं १६३८ साली छापलेल्या पुस्तकात लिहिले आहेत. त्याचा आणि माझा चेंडू एकाच नियमानं चालतो, हे लक्षात आलं तेव्हा खरंच छान वाटलं. सेकंड इयरला हे गणित मी फक्त मार्कांसाठी पाठ केलं होतं!

आता गंमत पाहा. चेंडूचा वेग सेकंदाला ३ मीटर असेल, तर चढ चढून गेल्यावर तो सुमारे २.५५ मीटर उरतो. तिथून चेंडू सपाटीवर पडला असता तर ५७ सेंटिमीटर दूर गेला असता. आता हातानं फक्त दहा टक्के जोर वाढवला, म्हणजे वेग ३.३ मीटर झाला, तर हेच अंतर ७४ सेंटिमीटर होतं. वेग दहा टक्के वाढला पण उडी जवळजवळ तीस टक्के वाढली! बोर्ड तिरका असल्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे कमी येतात, पण हिशेब हाच. हातातला एवढासा फरक २० ची रिंग सोडून ५० च्या रिंगवर नेतो. म्हणूनच या गेममध्ये ताकदीपेक्षा दर वेळी तेवढाच जोर लावता येणं महत्त्वाचं आहे.

(वेग कसा मोजला? फळीवर एक मीटर अंतरावर खडूच्या दोन रेघा मारल्या आणि मोबाईलवर स्लो-मोशन व्हिडिओ घेतला. सेकंदाला २४० फ्रेम असतील आणि चेंडू ८० फ्रेममध्ये एक मीटर गेला, तर वेग ३ मीटर.)

तिसरी चूक मात्र मला दिसलीच नाही. ती त्या पोरीनं दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेम एकटा तपासायला बसलो. पण मी स्वतः चेंडू टाकून काय कळणार? चूक हाताची की फळीची, हे वेगळं कसं करायचं? म्हणून हात काढूनच टाकला. पत्र्याची एक छोटी घसरगुंडी केली आणि फळीच्या सुरुवातीला बरोबर मध्यावर ठेवली. ६४ सेंटिमीटर उंचीवरून चेंडू सोडला की तो खाली येईपर्यंत साधारण ३ मीटरचा वेग घेतो. दर वेळी तीच उंची आणि तीच दिशा. वीस वेळा चेंडू सोडला. जवळजवळ सगळेच मधल्या रेघेच्या डावीकडे गेले!

गेम चीटर होता. पोरगी खरं बोलत होती.

पण मला पटेना. फळी लेव्हलमध्ये आहे हे मी मोबाईलच्या लेव्हल ॲपवर पाहिलं होतं, स्क्रीनवर चक्क शून्य अंश आले होते. मी पुन्हा मोबाईल ठेवला, पुन्हा शून्य. आबाजी खाटेवरून हे सगळं पाहत होते. डोळ्यांनी आता त्यांना कमी दिसतं, पण चेंडूचा आवाज ते ऐकत होते.

"काहून रे, चेंडू डाव्या पट्टीले घासून रायला ना?"

"हो आबाजी. पण मोबाईलवर तर बरोबर दाखवतं."

"मोबाईल ठेव बाजूले. पायपात पानी भर."

गवंडी लोक वापरतात तसा पारदर्शक पाइप घेतला, त्यात पाणी भरलं आणि दोन टोकं फळीच्या दोन बाजूंना धरली. पाइप कसाही वाकवा, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं. फळीची डावी कड त्या उंचीपासून पाच मिलिमीटर खाली होती!

मग कोडं सुटलं. गेम आमच्या ओसरीवर मांडला होता आणि पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून ओसरीला उतार दिलेला असतो. तो उतार मी पाचरी ठोकून काढला होता, पण मोबाईलच्या भरवशावर. आणि मोबाईलच्या मागे कॅमेऱ्याचा उंचवटा असतो. दीडेक मिलिमीटरचा तो उंचवटा एका टोकाला असल्यामुळे मोबाईल स्वतःच साधारण अर्धा अंश तिरका बसत होता. त्यानं मला शून्य दाखवलं तेव्हा फळी अर्धा अंश कललेली होती.

अर्धा अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? हिशेब करून पाहा. दोन फूट रुंदीवर अर्ध्या अंशाचा फरक पाच मिलिमीटर येतो, पाण्यानं दाखवला तेवढाच. ३ मीटर वेगाचा चेंडू आठ फुटांची फळी ०.८ सेकंदात पार करतो, आणि तेवढ्या वेळात हा कल त्याला सुमारे दोन सेंटिमीटर बाजूला ओढतो. ५० ची रिंग चेंडूपेक्षा जेमतेम चार सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटरचीच मोकळीक. जी पोरगी अगदी बरोबर मधून टाकत होती तिलाच माझा गेम शिक्षा देत होता, आणि जो नेम चुकवून उजवीकडे टाकत होता त्याला बक्षीस! जत्रेतल्या स्टॉलवाल्यानं जे जाणूनबुजून केलं असेल ते मी न कळत केलं होतं. हरणाऱ्याला दोन्हीत फरक काय?

पाण्याच्या लेव्हलनं पाचरी पुन्हा ठोकल्या आणि घसरगुंडीवरून वीस चेंडू परत सोडले. आता काही जरासे डावीकडे, काही जरासे उजवीकडे, पण मधल्या रेघेच्या आसपासच. मी आबाजींना म्हटलं, "तुम्ही एकदा टाकून पाहा ना."

ते नाही नाही म्हणत उठले. पहिले दोन चेंडू चढावर कसेबसे चढून खालच्या पट्टीत पडले. मग सलग पाच चेंडू ३० च्या रिंगमध्ये गेले! शेवटचे दोन २० मध्ये. एकूण २१०. त्याआधी माझ्या चुलतभावानं, जो रोज जिममध्ये जातो, दोन वेळा ५० मारले होते, पण पाच चेंडू खालच्या पट्टीत गेले आणि दोन २० मध्ये. त्याचे झाले १९०.

मी विचारलं, "आबाजी, हे कसं जमलं?" ते म्हणाले, "धोट्याची दोरी हाय ना ती. जोरात ओढली का धोटा पेटीत आपटून परत येते, हळू ओढली का मधातच थांबते."

हा झटक्याचा धोटा जॉन के नावाच्या इंग्रज माणसानं १७३३ साली काढला, हे मी शाळेत पाठ केलं होतं. पण तो चालवताना हाताला दिवसभर हजारो वेळा तेवढाच झटका द्यावा लागतो, हे मला घरात माग असूनही माहीत नव्हतं. माझ्या समीकरणातलं "वेग तेवढाच ठेवा" हे वाक्य आबाजींच्या मनगटात कधीपासून होतं.

संध्याकाळी मी त्या पोरीला बोलावलं आणि सगळ्यांसमोर कबूल केलं की तिचं बरोबर होतं, फळी तिरकी होती. तिला पाण्याचा पाइपही दाखवला. तिनं पाइपाकडे नीट पाहिलं, माझ्याकडे संशयानं पाहिलं आणि नऊ चेंडू टाकले. चॉकलेटसाठी २०० पॉइंट लागत होते, तिचे झाले १६०. मला वाटलं, आता परत चिडणार! पण ती म्हणाली, "शेवटचे दोन माझ्याच्यानं जोरात गेले. उद्या येतो." आणि खरंच दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी तीच हजर होती.

मला वाटतं, चांगल्या गेमची व्याख्या इथेच आहे. हरलेला माणूस जेव्हा "माझा हात चुकला" असं स्वतःहून म्हणतो, तेव्हा गेम प्रामाणिक आहे असं समजावं. आमच्या मंडळाच्या खजिनदार काकांनी विचारलं होतं, "हा जुगार तर नाही ना रे?" आपल्याकडच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात कलम १३ असं आहे की निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो कायदा लागू होत नाही. आम्ही तर पैसेही घेत नव्हतो, त्यामुळे काकांची काळजी मिटली. पण मला एक गोष्ट कळली. गेम कौशल्याचा आहे हे नुसत्या नियमांवरून ठरत नाही. फळी अर्धा अंश कलली की कौशल्याच्या गेममधलं कौशल्य गळून जातं, आणि ते खेळणाऱ्याला दिसतसुद्धा नाही. ते पाहण्याची जबाबदारी बनवणाऱ्याची. उद्या आपण पूल बांधू, मीटर बनवू, परीक्षेचं सॉफ्टवेअर लिहू. तिथेही कुणीतरी येऊन म्हणेल, "तुमचं मशीन चीटर आहे." तेव्हा आधी हसू नका. आधी पाइपात पाणी भरा!

तर मित्रहो, गेम सध्या आमच्या ओसरीवर आहे. आबाजी रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना हरवतात. रेक्टर सरांनी परवानगी दिली तर गॅदरिंगच्या आधी असाच एक आपल्या कॉमन रूममध्ये बनवायचा विचार आहे. प्लायवूड वर्गणीतून, रंगाच्या बादल्या हॉस्टेलच्या रंगकामातून आणि चेंडू खाप्याहून माझ्याकडून. लेव्हल मात्र मोबाईलवर पाहायची नाही!